कार्पेटखालच्या फोमला गोंद नक्की किती लागतो? खर्च कमी करायचाय (नाशिक)

अभ्यासिकावाला | मंगळवार, रात्री १०:१२

मंडळी सल्ला हवाय. अशोक स्तंभाजवळ पहिल्या मजल्यावर हॉल भाड्याने घेऊन अभ्यासिका चालवतो. हॉल ३० बाय २० म्हणजे ६०० स्क्वेअर फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. पोरं एमपीएससी, सीए, नीटवाली. एकाने खुर्ची सरकवली की कर्रर्र आवाज होतो आणि अख्खा हॉल माना वर करतो, शिवाय खाली दवाखाना आहे त्या डॉक्टरसाहेबांचे फोन येतात ते वेगळंच. म्हणून कार्पेट आणि त्याखाली फोमचा थर टाकायचं ठरवलं. एका कार्पेटवाल्याने येऊन माप घेतलं, कोटेशन दिलं, त्यात कार्पेटचा रेट ठीक, फोमचा ठीक, पण खाली अ‍ॅडेसिव्हची जी ओळ आहे ती बघून डोळे पांढरे झाले. त्याचं म्हणणं फोम अख्खा फरशीला चिकटवायचा आणि त्यावर कार्पेट अख्खं फोमला चिकटवायचं. एवढा गोंद खरंच लागतो का? त्यात स्वस्तातला कुठला चालेल? आणि जागा भाड्याची आहे, डिपॉझिट अडकलंय, उद्या सोडताना फरशीवर गोंदाचे डाग दिसले तर घरमालक एक रुपया परत देणार नाही.

थोडा_शहाणा | रात्री १०:२०

पाच लिटरचा डबा आण आणि पोरांनाच लावायला बसव, महिन्याच्या फीमध्ये सूट दे :-)

पंचवटी_मावशी | रात्री १०:४१

आधी खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घालून बघितले का रे? किंवा नमद्याच्या चकत्या चिकटव. कर्रर्र आवाज तिथेच निम्मा मरेल. आणि गोंद स्वस्त हवा म्हणून कोणी खळ सुचवली तर ऐकू नकोस, आमच्या भजनाच्या हॉलमध्ये कोणा शहाण्याने पिठाची खळ करून जाजम चिकटवलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात झुरळं आणि मागून उंदीर. कोणी ते मी सांगत नाही, आमच्याच मंडळात आहेत.

अभ्यासिकावाला | रात्री १०:५०

काकू बूट घातलेत, पोरं काढून टाकतात किंवा झिजतात. आणि चालण्याचा आवाज खाली जातो त्याला बुटांचा उपयोग नाही ना.

सुतारपक्षी | रात्री ११:३४

मी इंटिरियरची कामं घेतो, सातपूरला असतो. पहिलं म्हणजे तुमचा कार्पेटवाला लुटतोय असं लगेच धरून चालू नका, तो सांगतोय ती पद्धत खरी आहे, फोम फरशीला आणि कार्पेट फोमला पूर्ण चिकटवायचं. पण ती ऑफिसांसाठी, जिथे चाकाच्या खुर्च्या दिवसभर फिरतात, ट्रॉल्या जातात, तिथे कार्पेट खाली सरकून लाटा येऊ नयेत म्हणून. तुमच्या खुर्च्यांना चाकं आहेत का ते आधी सांगा.

चाकं नसतील तर हिशोब सगळा बदलतो. घरात वॉल टू वॉल टाकतात तेव्हा फोम जागेवरून हलू नये एवढंच गोंदाचं काम असतं, कार्पेटला धरून ठेवायचं काम कडेची खिळ्यांची ग्रिपर पट्टी करते. त्यामुळे फोमला गोंद फक्त भिंतीच्या कडेने आणि जोडांवर. मध्ये कोरडा राहिला तरी काही बिघडत नाही, वर कार्पेट आणि माणसांचं वजन आहेच.

आता तुमच्याच हॉलचं बघू. कडा धरल्या तर चारी बाजू मिळून १०० फूट. चार इंचाचा पट्टा धरला तर ३३ स्क्वेअर फूट. फोमचा रोल ४ फुटी असेल आणि लांबीच्या दिशेने टाकला तर ५ पट्टे, मध्ये ४ जोड, प्रत्येकी ३० फूट म्हणजे १२० फूट, त्यालाही चार इंच धरा, ४० स्क्वेअर फूट. एकूण ७३. तुमच्या माणसाने धरलेत ६०० खाली आणि ६०० वर असे १२००. आणि रोल रुंदीच्या दिशेने टाकलात तर ८ पट्टे, ७ जोड, १४० फूट, म्हणजे दिशा बदलली तरी गोंद वाढतो. जोडांवर गोंदाऐवजी वरून नुसती कापडी टेप मारली तरी चालते, मग ३३ वर काम भागलं. म्हणून म्हणतो स्वस्त गोंद शोधत फिरू नका, चांगला घ्या आणि कमी लावा.

अभ्यासिकावाला | रात्री ११:४७

चाकं नाहीत, साध्या लोखंडी पायांच्या कुशनवाल्या खुर्च्या आहेत. दादा हे कोणीच सांगितलं नव्हतं. पण ग्रिपर पट्टी ठोकायला टाइल्सना भोकं पाडावी लागतील ना? घरमालक ड्रिल मशीन बघूनच चक्कर येऊन पडेल.

सुतारपक्षी | बुधवार, सकाळी ७:५५

हो व्हिट्रिफाइडला ड्रिल केल्याशिवाय ग्रिपर बसत नाही. मग तुमच्याकडे असं करा, फोम भिंतीपासून तीन इंच आधी थांबवा, त्या तीन इंचात कार्पेटची कड थेट फरशीला डबल साइड टेपने धरायची. तुमच्या क्युबिकल्स भिंतीला लागून असतील तर त्यांचं वजन त्याच कडेवर येतं, फार छान. दाराशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, नाहीतर येता जाता पाय अडकून कोणीतरी तोंडावर पडेल. पण एक लक्षात घ्या, ग्रिपर नाही म्हणजे कार्पेट ताणता येत नाही, त्यामुळे जाड मऊ फोम टाकलात तर मध्ये लाटा येणारच. पातळ आणि घट्ट फोम घ्या. कार्पेट आणलं की कापायच्या आधी दिवसभर उलगडून पडू द्या, गुंडाळीचा बाक जातो. आणि फोमचा जोड आणि कार्पेटचा जोड एकावर एक येऊ देऊ नका, खाली वर दोन्ही फटी एका ओळीत आल्या की तिथे खळगा पडतो.

फोमगादी | सकाळी ९:३०

फोमच्या बाबतीत बोलतो कारण आमचा धंदाच आहे (गादीचा, कार्पेटचा नाही). कार्पेटवाल्यांकडे डेन्सिटी परदेशी पद्धतीने घनफुटाला पाउंडात सांगतात, अमेरिकेत घरासाठी किमान ६ पाउंड डेन्सिटी आणि जाडी जास्तीत जास्त ७/१६ इंच म्हणजे ११ मिमी असं धरतात. ६ पाउंड म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ९६. गादीच्या दुकानात सोफ्याचा फोम ३२, ४० डेन्सिटीचा असतो तो कार्पेटखाली टाकू नका, महिनाभरात पापड होईल. रिबॉन्डेड मागा, तो रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला, तो ८० ते १०० मध्ये मिळतो आणि हव्या त्या जाडीत कापून देतात. मेन रोड, शालिमारच्या बाजूला दोन चार गादीवाल्यांकडे विचारा, कार्पेटवाल्याच्या रेटशी ताडून बघा. वजन करून घ्यायला लाजू नका, डेन्सिटी म्हणजे शेवटी एका घनमीटरचं किलोत वजन.

भाडेकरू_१०१ | सकाळी ११:०५

भाड्याच्या जागेसाठी माझी आयडिया, फरशीवर आधी मास्किंग टेप मारायची आणि डबल साइड टेप त्या मास्किंग टेपवर. सोडताना मास्किंग टेप उचलली की सगळं निघून येतं, फरशी कोरी. गोंदाचा पण तसाच पट्टा मास्किंग टेपवर मारता येईल.

सुतारपक्षी | सकाळी ११:२०

प्रदर्शनाच्या स्टॉलला चार दिवसांसाठी ठीक आहे भाऊ. वर्षभर दाबाखाली राहिली की मास्किंग टेपचा कागद वाळून फरशीला धरतो आणि मग नखाने चिमट्या चिमट्याने काढायला लागतो.

भाडेकरू_१०१ | सकाळी ११:२८

माझी सात-आठ महिन्यांनी निघाली होती व्यवस्थित.

सुतारपक्षी | सकाळी ११:३१

नशीब. आणि चांगली टेप असेल. अभ्यासिका काय सात-आठ महिन्यांसाठी काढत नाही कोणी.

केमिकल_लोचा | दुपारी १:४८

अंबड एमआयडीसीत नोकरी, अ‍ॅडेसिव्हशी रोजचा संबंध, म्हणून गोंदाच्या जातीबद्दल लिहितो, लांबलचक होईल पण वाचा.

पांढरा फेव्हिकॉल स्वस्त पडतो म्हणून तो वापरू असं कोणालाही वाटेल. तो लाकडासाठी उत्तम आहे कारण त्यातलं पाणी लाकूड पिऊन घेतं आणि गोंद घट्ट होतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का सुद्धा पाणी पीत नाही, वर फोम आणि कार्पेटचं झाकण, ते पाणी जाणार कुठे? बराच काळ ओलं राहणार, आणि वाळलं तरी गुळगुळीत टाइलवर पकड यथातथाच, पोछ्याचं पाणी झिरपलं की परत मऊ. तेव्हा तिथे वाचवलेले पैसे वाया.

सुतार लोक ज्याला नुसतं एसआर म्हणतात तो पिवळट रबराचा गोंद, तो फोम आणि टाइल दोन्हीला धरतो. तो दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावायचा आणि मग थांबायचं. इथेच लोक घाई करतात. बोटाची मागची बाजू टेकवून बघायची, तार ओढली गेली तर अजून वेळ आहे, चिकट लागतंय पण बोटाला काही येत नाही अशी स्थिती आली की दाबायचं. ओला असताना दाबला की सॉल्व्हंट आत कोंडतं, पकड येत नाही, मग कारागीर म्हणतो गोंद कमी पडला आणि अजून एक थर मारतो. निम्मा गोंद असा जातो.

दुसरी चोरी थिनरची. डबा पुरवायला त्यात थिनर, काही महाभाग तर पेट्रोल ओततात. पातळ होतो, लवकर पसरतो, दिसायला पुरतो, पण धरणारं रबर तेवढंच राहिलं ना, ते जास्त जागेत वाटलं गेलं एवढंच. आणि हे वास येणारं सॉल्व्हंट भडका घेणारं असतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती वर न जाता फरशीलगत साचते. म्हणजे कोपऱ्यात देवासमोर दिवा किंवा उदबत्ती चालू असेल तर खेळ खल्लास. काम चालू असताना दिवा, सिगारेट, वेल्डिंग काही नाही, खिडक्या उघड्या, पोरांना सुट्टी. खाली दवाखाना आहे म्हणता, त्यांनाही आधी सांगा, वास जिन्याने खाली उतरणार.

तिसरं, पावसाळा. सॉल्व्हंट उडताना गोंदाचा थर गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, डोळ्याला दिसतही नाही, पण त्या पापुद्र्यावर पकड बसत नाही. तेव्हा गोदावरीला पूर येऊन घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं असेल तेव्हा हे काम काढू नका, कोरडा दिवस बघा.

पाण्यातला अ‍ॅक्रिलिकचा कार्पेट गोंद पण मिळतो, वास नाही, आगीची भीती नाही, त्यातला दाबाने धरणारा प्रकार असतो जो वाळल्यावरही चिकट राहतो आणि नंतर उचलता येतो. डब्यावर गुळगुळीत टाइल्सवर चालतो असं लिहिलंय ना ते मात्र वाचून घ्या. भाड्याच्या जागेत मी तोच घेईन. लिटरमागे महाग वाटेल पण सुतारपक्षींनी सांगितलेल्या ३३ फुटांना लागणार कितीसा.

थोडा_शहाणा | दुपारी २:०२

एवढं वाचून मीच केमिस्ट झालो

देवळालीकर | दुपारी ३:१५

धागा हायजॅक करतोय माफ करा. देवळाली कॅम्पला जुनं तळमजल्याचं घर, शहाबाद फरशी, थंडीत पाय ठेववत नाही इतकी गार पडते, म्हणून आईसाठी एका खोलीत असंच फोम कार्पेट करायचं मनात आहे. गोंद कुठला?

केमिकल_लोचा | दुपारी ३:४०

गोंद राहू द्या, आधी ओल बघा. जुन्या घरात शहाबादीखाली मातीचा भराव असतो, खालून दमटपणा वर येतो. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, फरशीवर ठेवून चारी बाजूंनी टेपने सील करा, निदान १६ तास तसंच ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा फरशी गडद पडली असली तर तिथे फोम चिकटवू नका, खाली बुरशी धरेल आणि आईंना त्रास होईल. आणि शहाबाद सच्छिद्र, गोंद आणि थिनर दोन्ही पिऊन डाग धरते, टाइलसारखं पुसून जात नाही.

द्राक्षबाग | संध्या ६:१०

आम्ही पिंपळगावला घरी टीव्हीच्या खोलीत प्लायचा स्टेज केला होता त्यावर फोम टाकला. गोंदाचा थेंब नाही, टॅकर गनने पिना मारल्या. प्लाय असेल तिथे पिनाच स्वस्त. पण पांढरा तो लॅमिनेट फ्लोअरिंगखाली टाकतात तो फोम शीट उरला होता तो वापरायचा होता, त्याला कुठलाच गोंद धरेना, असं का?

केमिकल_लोचा | संध्या ६:२२

तो पॉलिथिनचा. पिशवीचंच प्लास्टिक, त्यावर गोंद ठरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. त्याला टेप किंवा पिनाच. आणि कोणी थर्माकोल टाकायच्या विचारात असेल तर एसआर लावू नका, सॉल्व्हंटमध्ये विरघळून जाईल.

अभ्यासिकावाला | गुरुवार, सकाळी १०:३३

आज कार्पेटवाल्याशी बोललो. सगळं सांगितलं, कड आणि जोड, बाकी कोरडं. तो म्हणे सर करून देतो पण मग गॅरंटी नाही. आणि कोटेशनमध्ये लेबर आणि मटेरियल वेगळं करून द्या म्हटलं तर तोंड वाकडं. सगळं मिळून स्क्वेअर फुटाचाच रेट सांगतो म्हणतो. काय करू?

सुतारपक्षी | सकाळी १०:५८

तुमच्याकडे ग्रिपर नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून गॅरंटीला नाही म्हणतोय, त्यात त्याची चूक नाही. पण रेट वेगळा करायला लावाच. स्क्वेअर फुटाच्या रेटमध्ये गोंद खाली वर मिळून १२०० फुटांचा धरलाय आणि लावणार ३३ ते ७३ फूट, तर फरक कोणाच्या खिशात? म्हणा, गोंद आणि टेप मी आणतो, तुम्ही फक्त लेबर सांगा. सिंहस्थाच्या कामांमुळे चांगले कारागीर सध्या भाव खातात, पण दोघा तिघांना विचारा, एखादा तयार होतोच.

गोंद आणताना मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. आधी एक लहान डबा घ्या, एका कोपऱ्यात मोजून १० स्क्वेअर फूट लावा, किती संपला बघा आणि बाकीचा त्यावरून आणा. तारीख बघून घ्या, जुना डबा तळाशी घट्ट झालेला असतो. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की न उघडलेला डबा परत घ्याल का.

आणि लावायची पट्टी. ब्रशने लावलात तर ब्रशच निम्मा गोंद पितो. सुताराकडून सनमायकाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, एक कड करवतीने थोड्या थोड्या अंतरावर खाच मारून दातेरी करा, बारीक दात, उभा धरून ओढा. दातांच्या मध्ये राहतो तेवढाच गोंद फरशीवर उरतो, बाकी पुढे ढकलला जातो. दात झिजले की तुकडा फेका, झिजलेला तुकडा गोंद नीट सोडत नाही. फुकटचं हत्यार.

फोमगादी | सकाळी ११:१५

आणि फरशी आधी कोरड्या फडक्याने, मग ओल्या, मग परत कोरड्या. फिनाइलचा किंवा साबणाचा थर राहिला तर तुमचा महागातला गोंदही हात वर करतो. आमच्याकडे फोमची धूळ सुद्धा झटकून घेतो आधी.

पंचवटी_मावशी | दुपारी १२:४०

मी म्हणते सगळीकडे कार्पेट हवंच कशाला? टेबलांच्या खाली कोण चालतं? फक्त मधल्या वाटा आणि खुर्च्या सरकतात तेवढा पट्टा करा. कार्पेट कमी, फोम कमी, गोंद कमी.

अभ्यासिकावाला | दुपारी १२:५५

काकू मस्त सुचवलंत. पण मग कार्पेटच्या कडा वाटेत उघड्या पडतील ना, क्युबिकलखाली दबणार नाहीत.

टाइलप्रेमी | दुपारी १:३०

तर मग कार्पेट टाइल्स बघा, ५० बाय ५० सेंटीमीटरच्या, पाठीला फोम लागलेला मिळतो, वेगळा फोमच नको. खाली तोच उचलता येणारा गोंद पातळ रोलरने फिरवायचा, तोही जरासाच. एका जागी चहा सांडला, डाग पडला तर तेवढीच टाइल काढून दुसरी. जागा सोडताना सगळ्या उचलून पुढच्या जागेत घेऊन जाता येतात, हा भाडेकरूला खरा फायदा. रोलपेक्षा महाग आहेत हे खरं.

सुतारपक्षी | दुपारी १:५२

टाइल्स चांगल्या, मावशींच्या पट्ट्यांना जास्त योग्य कारण कापायला सोप्या. उघड्या कडेला मात्र अ‍ॅल्युमिनियमची उतरती पट्टी लागेल. फक्त आवाज खाली जायचा थांबवायला पाठीचा फोम पुरतो का ते एक पेटी आणून खाली उभं राहून ऐका. वर कोणाला तरी टाच आपटत चालायला सांगा.

अभ्यासिकावाला | शनिवार, रात्री ९:१८

अपडेट. एका ओळखीच्याकडून तीन चार टाइल्सचे नमुने आणले आणि रिबॉन्डेड ८ मिमी फोमचा तुकडा त्यावर कार्पेटचा तुकडा असं दोन्ही करून बघितलं, डॉक्टरांनाच खाली उभं केलं. खुर्चीचा आवाज दोन्हीत गेला, पण पायांचा धप्प आवाज फोम कार्पेटमध्ये चांगलाच कमी. डॉक्टर म्हणाले फोमवालं करा. त्यामुळे वाटा आणि खुर्च्यांच्या रांगा फोम आणि कार्पेट, भिंतीलगतच्या क्युबिकलखाली कड दाबून. दुसरा कारागीर तयार झालाय, लेबर वेगळं सांगतोय, गोंद आणि टेप मी आणणार. उचलता येणारा पाण्यातला गोंद घेतोय. गोंदाची ओळ आधीच्या कोटेशनच्या पाव हिश्श्याच्याही खाली आली. पोरांना रविवार सोमवार सुट्टी.

उरलेला गोंद ठेवायचा कसा?

केमिकल_लोचा | रात्री ९:३५

झाकणाच्या खोबणीत सांडलेला गोंद आधी पुसून काढा, नाहीतर पुढच्या वेळी झाकण तरी उघडणार नाही किंवा घट्ट बसणार नाही आणि आतला वाळून जाईल. अर्ध्याहून कमी उरला तर लहान बरणीत ओता, म्हणजे वर हवा कमी राहते. सावलीत ठेवा. एखादी कड वर्षभरात उचकटली तर हाताशी लागतोच.

देवळालीकर | रविवार, सकाळी ८:४७

प्लास्टिकचा प्रयोग केला. आतून घाम फुटल्यासारखे थेंब. कार्पेट रद्द. आईला सांगितलं तर म्हणाली माळ्यावरची जुनी सतरंजी काढ, उन्हात घाल आणि अंथर, रोज उचलून झटकता तरी येईल.